रक्त पातळ करणारी गोळी : माप चुकवू नका



कोंढा-कोसरा भागात लागणीच्या नोंदी घेत फिरताना बांधावर उसासोबत तब्येतीच्या गोष्टीही निघतात. "ठोका चुकते म्हणून डॉक्टरनं रक्त पातळ करायची गोळी लावली. जास्तच पातळ झालं त?" हा प्रश्न आम्ही पुष्कळदा ऐकतो. डॉक्टरकी आमचे काम नव्हे. पण यातला हिशेब शेतकऱ्याला समजण्याजोगा आहे.

या रोगाला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. पाटाचे पाणी थांबले की गाळ बसतो, तसे तेथे रक्त साकळते. ती गाठ मेंदूत गेली की लकवा. हा धोका निरोगी माणसापेक्षा सुमारे पाचपट असतो. गोळी तो टाळते.

या औषधाचा शोध गोठ्यातून लागला. सडक्या स्वीट क्लोव्हरच्या चाऱ्याने अमेरिकेत गुरे रक्तस्रावाने मरत. १९३३ साली विस्कॉन्सिनचा एक शेतकरी न साकळणारे रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या शोधातून वॉरफेरिन निघाले. १९४८ पासून ते उंदरांवर व १९५४ पासून माणसांसाठी वापरात आले. आपण उसात ठेवतो ती ब्रोमॅडिओलोनची वडीही त्याच जातकुळीची. म्हणजे सारा खेळ मापाचा!

वॉरफेरिनवर आशियाई रुग्णांत मेंदूतील रक्तस्राव पाश्चात्त्यांपेक्षा अधिक आढळला. डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, एपिक्साबान या नव्या गोळ्यांवर तो कमी होतो, असे तैवानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्यातील रोजच्या रुग्णांच्या नोंदींतूनही दिसले. मात्र भीतीपोटी डोस अर्धा केला, तर लकव्यापासूनचे रक्षणच घटते.

मग सर्वांनी नवी गोळी मागावी का? नाही. लहानपणच्या संधिज्वराने ज्यांची झडप अरुंद झाली, त्यांचे गणित वेगळे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात भारतासह २४ देशांतील सुमारे साडेचार हजार संधिज्वरी हृदयरोगी होते. दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन त्याचे प्रमुख होते. त्यात वॉरफेरिनच्या वर्गातील जुनी गोळी घेणाऱ्यांत रिव्हारोक्साबानपेक्षा मृत्यू कमी झाले, आणि रक्तस्राव काही वाढला नाही. धातूची झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी लागते. तेव्हा शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलू नका.

ध्यानात ठेवावे :

१. जुनी गोळी असल्यास आयएनआर तपासणी चुकवू नये. तो बहुधा २ ते ३ ठेवतात. भंडाऱ्याला जाण्यात दिवस मोडतो खरा, पण लकव्याने वर्षे मोडतात.

२. जुन्या गोळीवर लाखोरी, चणा, पालक या भाज्या खाव्यात, पण प्रमाण सारखे ठेवावे. एक आठवडा रोज, पुढे महिनाभर नाही, असे नको.

३. नव्या गोळीला आयएनआर लागत नाही. पण मूत्रपिंडाची तपासणी लागते. एक दिवस चुकला तरी तिचा असर उतरतो.

४. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, रक्तस्राव वाढतो.

५. डोक्याला मार लागला किंवा शौच काळी झाली, तर तडक दवाखाना गाठावा.

६. गोळीचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. कोयता लागला किंवा दात काढायचा असला, तर आधी तीच दाखवावी.

पाणी जास्त झाले म्हणून कोणी उसाची पाळीच बंद करत नाही, माप बसवतो. गोळीचेही तसेच. ते माप डॉक्टरांना विचारूनच बसवावे, स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये, ही आमची कळकळीची विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते