बाळंतिणीची कंबर : वीस वर्षांचा मागोवा

2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा बाळंतपण घरात न होता दवाखान्यात व्हावे यावर सारा भर होता. ते बऱ्याच अंशी साधले. 2005-06च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जेमतेम 39 टक्के बाळंतपणे दवाखान्यात झालेली आढळली. 2019-21मध्ये हे प्रमाण 89 टक्क्यांवर गेले. मातामृत्यू निम्म्याहून कमी झाले. 2011पासून आशाताई बाळंतिणीच्या घरी 42 दिवसांत सहा-सात भेटी देऊ लागल्या. बाळाचे वजन, आईचा ताप, अंगावरून जाणे, सगळे तपासले जाऊ लागले. या कामाने जीव वाचले, त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. पण वाचलेली बाई पुढे खुरपायला बसू शकते का, भरलेली कळशी उचलताना तिच्या कमरेत कळ येते का, हा प्रश्न त्या भेटींत कधी मानाने शिरलाच नाही. बायका तक्रार करत नाहीत म्हणजे दुखत नाही, असे मानणे सोयीचे ठरले. वास्तविक डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 1989मध्येच प्रसिद्ध केला होता. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि उपचार फारच थोड्यांना मिळाले होते. न विचारलेले दुखणे किती असू शकते, हे तेव्हाच कळले होते.

बाळंतपणानंतरची कंबर आपोआप बरी होते, असे म्हणतात. बहुतेकींची होतेही, पण काहींची महिनोन्‌महिने दुखत राहते, आणि त्यांच्यासाठी व्यायामोपचार उपयोगी पडतो याला पुरावा आहे. नॉर्वेत 2004मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ओटीपोटाच्या हाडांच्या सांध्यांत दुखणाऱ्या 81 बाळंतिणी होत्या. पोटाचे व कमरेचे खोल स्नायू बळकट करणारे, प्रत्येकीला बेतून दिलेले व्यायाम ज्यांनी 20 आठवडे केले, त्यांचे दुखणे वर्षभरानंतरही इतर फिजिओथेरपी घेतलेल्यांपेक्षा कमी होते. यात ‘बेतून दिलेले’ हे महत्त्वाचे. नुसते चित्रांचे पत्रक वाटून हे साधणार नाही. शेक-शेगडी आणि तेलाची मालिश पुरेशी नाही का? आराम त्यांनी मिळतो, शिवाय कुणीतरी तिच्याकडे लक्ष देते, हे थोडे नाही. पण ढिल्या पडलेल्या पोटाला बळ मालिशने येत नाही. तिला शिकवायला हवे ते हे : बाजेवरून सरळ न उठता कुशीवर वळून हाताने रेटा द्यायचा, ओझे उचलताना श्वास सोडत पोट आत घ्यायचे.

अशा व्यायामोपचाराबाबतचा खरा आक्षेप मनुष्यबळाचा आहे. फिजिओथेरपिस्ट सरकारी दवाखान्यांत आले ते मुख्यतः 2010-11च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमातून, तेही तुरळक. म्हणून सगळ्याच बाळंतिणी त्यांच्याकडे पाठवणे शक्य नाही, आणि गरजही नाही. 2018पासून आशाताई तिसऱ्या महिन्यातही बाळाला पाहायला जातात. त्याच भेटीत आईची कंबर विचारावी आणि जिची अजून दुखते तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवावे, एसटीच्या भाड्यासह. व्यायामाला तिला वेळ कोण देणार, ही शंका रास्तच आहे. त्यासाठी आशाताईंना सासूशी आणि नवऱ्याशीही बोलावे लागेल : निदान काही महिने पाण्याच्या खेपा दुसऱ्याने कराव्यात.