प्रतिपालकांच्या घरचं मूल संडे स्कूलमध्ये येतं तेव्हा

प्रतिपालकत्व (फॉस्टर केअर) म्हणजे दत्तक, असा समज सर्रास आढळतो. दोन्ही वेगळी आहेत. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 44 नुसार बालकल्याण समिती मुलाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देते, ते प्रतिपालकत्व. शिकायला मामाकडे राहिलेल्या भाच्यासारखंच हे: जेवणखाण, लाड, शिस्त मामाघरची, आईबाप मात्र त्याचे तेच. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाच्या एकट्या व्यक्तीलाही ही जबाबदारी घेता येते. दोन वर्षांनंतर दत्तक घेण्याची वाट खुली होते, पण आपोआप नव्हे.

भुकूमसारख्या वाढत्या गावात नवी कुटुंबं येत राहतात. त्यांच्यासोबत प्रतिपालकत्वातलं एखादं मूल चर्चच्या संडे स्कूलमध्ये आलं, तर ‘तुझे खरे आईबाबा कुठे?’ हे कुणीही विचारू नये. फार दुखतं ते. नोंदणीच्या अर्जावर ‘सांभाळणारे पालक’ एवढं पुरे. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. जन्माचा धर्म वेगळा असला, तरी गोष्टी, गाणी, खाऊ सगळं मिळावं. बाप्तिस्म्याचा आग्रह मात्र नको. ही मुलं वर्षाच्या मध्येच येतात, अचानक जातातही. म्हणून नाताळच्या नाटकात मेंढपाळांची एकदोन कामं ऐनवेळी येणाऱ्यांसाठी राखून ठेवावीत.