पत्रिकेतला मंगळ आणि आकाशातला मंगळ



मंगळ आणि शनी ही दोन नावं आपल्या घरात कधी निघतात? मुलीसाठी स्थळ बघायला लागलं की मंगळ निघतो. कर्ज वाढलं, बैल दगावला, घरात आजारपण मुक्कामाला आलं की शनी निघतो. या दोघांची धास्ती आपण आईकडून, आजीकडून घेतली. पण ते आकाशात नेमके कुठे असतात, दिसतात कसे, हे आपल्यापैकी किती जणींनी पाहिलं आहे?

२०२५ च्या जानेवारीत आमच्या बचत गटातल्या बायांनी ते पाहिले. त्या महिन्यात शुक्र, शनी, गुरू आणि मंगळ हे चार ग्रह संध्याकाळनंतर एकाच वेळी आकाशात होते. शाळेची लहान दुर्बीण मिळाली होती. काय दिसलं, काय समजलं आणि तुम्हालाही कसं पाहता येईल, ते आज सांगतो.

आधी ग्रह ओळखायचा कसा? तारा लुकलुकतो, ग्रह बहुतेक वेळा स्थिर उजेड देतो. दुसरं म्हणजे तारे आपापली जागा सोडत नाहीत. आपलं तिकांडं, आपलं बाजलं आजीच्या वेळी होतं तसंच आजही आहे. ग्रह मात्र ताऱ्यांमधून हळूहळू पुढे सरकतो. त्या जानेवारीत गुरू रोहिणीच्या लाल ताऱ्याजवळ होता आणि मंगळ पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी. रोहिणी, पुनर्वसू ही नावं आपल्याला पेरणी-पावसामुळे पाठ असतात. तीच नक्षत्रं हिवाळ्यात रात्री डोक्यावर येतात.

आता दुर्बिणीबद्दल. आमच्या दुर्बिणीचं पुढचं भिंग ७० मिलिमीटरचं, म्हणजे पावणेतीन इंचाचं होतं. नळी दोन फुटांहून थोडी लांब. मागे डोळा लावायला छोटं भिंग असतं, त्याला नेत्रिका म्हणतात. एका नेत्रिकेतून २८ पट मोठं दिसायचं, दुसरीतून ७० पट. आधी कमी पटीची लावायची, ग्रह मधोमध आणायचा आणि मग जास्त पटीची लावायची.

पहिल्या दिवशी काही जणींचा हिरमोड झाला. पुस्तकातल्या चित्रात ग्रह परातीएवढा असतो, इथे वाटाण्याएवढा. शिवाय चित्र उलटं दिसतं आणि दोन-तीन मिनिटांत ग्रह निसटून जातो. दुर्बीण हलली का, असं सगळ्या विचारायच्या. दुर्बीण जागेवरच असते. आपण उभ्या आहोत ती जमीन फिरत असते. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकलो होतो, पण ते डोळ्यांना दिसलं ते असं. थोडा वेळ डोळा लावून ठेवला की नजर सरावते आणि बारीक गोष्टी दिसू लागतात. म्हणून एकीने पाहिलं की लगेच दुसरी, अशी घाई करू नये.

शुक्राची चांदणी आपल्या रोजच्या ओळखीची. दुर्बिणीतून पाहिली तर ती गोल नव्हतीच. हरभऱ्याच्या डाळीसारखी, अर्धी! फेब्रुवारी संपता संपता तिची बारीक कोर झाली, बीजेच्या चंद्रासारखी. शुक्राला स्वतःचा उजेड नाही, तो सूर्याच्या उजेडाने चमकतो. म्हणून त्याच्याही चंद्रासारख्या कला होतात.

गुरू पाहताना सगळ्यात जास्त वेळ गेला. वाटाण्यावर दोन फिकट पट्टे आणि बाजूला एका ओळीत चार बारीक ठिपके. हे ठिपके म्हणजे गुरूचे चार मोठे चंद्र. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्यांच्या जागा बदललेल्या. आतला चंद्र दोन दिवसांच्या आत गुरूला फेरी घालतो, बाहेरच्याला सुमारे १७ दिवस लागतात. इटलीच्या गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत हेच ठिपके पाहिले आणि वहीत मांडून ठेवले. सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं, असं तेव्हा लोक मानत. हे चार चंद्र तर गुरूभोवती फिरत होते. आम्हीही रोज वहीत एक गोल आणि चार टिंबं काढत गेलो. लिहिता न येणाऱ्या बाईलाही हे जमतं.

मग शनी. शनीभोवती कडं असतं. त्या दिवसांत ते आपल्याकडे अगदी आडवं आलं होतं, त्यामुळे दाण्यातून सुई आरपार घातल्यासारखं दिसलं. सुमारे १५ वर्षांनी एकदा असं होतं. आता ते कडं वर्षागणिक रुंद दिसत जाईल, २०३२ पर्यंत. बर्फाच्या आणि दगडांच्या असंख्य तुकड्यांचं ते कडं आहे. ज्याच्या नावाने तेल वाहतो, तो इतका देखणा असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

शेवटी मंगळ. ज्वारीच्या दाण्याएवढा, तांबूस. तो पृथ्वीच्या निम्म्या आकाराचा आहे आणि त्याच्या मातीत लोखंडाचा गंज आहे. नांगराचा फाळ पावसात राहिला की जो रंग धरतो, तोच हा रंग. त्या जानेवारीत तो पृथ्वीच्या जवळ आला होता, तरी साडेनऊ कोटी किलोमीटरहून दूर होता.

दुर्बिणीशेजारी बसूनच मग आम्ही हिशेब मांडला. गटाचे हिशेब आपण करतोच, हाही तसाच सोपा आहे.

पत्रिकेत घरं १२. मंगळ १, ४, ७, ८ किंवा १२ या घरात पडला की पत्रिकेत मंगळ आहे, असं म्हणतात. म्हणजे १२ पैकी ५ घरं झाली. १२ मुली घेतल्या तर साधारण ५ जणींना मंगळ निघणारच. पृथ्वी फिरते म्हणून एका दिवसात मंगळ या बाराही घरांतून जातो. एकाच दवाखान्यात एकाच दिवशी दोन मुली झाल्या, तर एकीला मंगळ निघतो आणि दोन-तीन तासांनी झालेलीला निघत नाही. आकाशातला मंगळ मात्र दोघींच्या वेळी जवळजवळ त्याच ताऱ्यांपाशी असतो. मंगळ मुलांनाही तितकाच निघतो, पण बोल लागतो तो बहुतेक वेळा मुलीलाच.

आता साडेसाती. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी १२, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षं असतो. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, अशा तीन राशींची साडेसात वर्षं. साडेसाती हे नाव तिथून आलं. याचा अर्थ १२ पैकी ३ राशींना, म्हणजे चौथाई माणसांना, कायमच साडेसाती चालू असते. गावात ४०० माणसं असली तर साधारण १०० जणांना. एवढ्या माणसांत कुणाचं तरी वाईट होणारच आणि कुणाचं तरी चांगलंही होणार.

देवाधर्माला आम्ही नावं ठेवत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. पण मुलीचं स्थळ मंगळावरून मोडायच्या आधी, शांतीसाठी गटातून कर्ज काढायच्या आधी, हा हिशेब एकदा घरात मांडून बघा. आपल्या देशाचं मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाभोवती फिरू लागलं. त्या कामात रितू करिधाल, नंदिनी हरिनाथ यांच्यासारख्या शास्त्रज्ञ महिलांचा मोठा वाटा होता. बायांनी मंगळापर्यंत यान पोहोचवलं, आणि आपण मंगळाला घाबरून लेकीला घरी बसवायचं का?

तुम्हाला पाहायचं असेल तर असं करा. आपल्या परभणी जिल्ह्यात पावसाळ्यात आकाश झाकलेलं असतं. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम. आधी शाळेत विचारा, प्रयोगशाळेत दुर्बीण पडून असू शकते. विकत घ्यायचीच असेल तर दोन-तीन गटांनी मिळून घ्या. खोक्यावर शेकडो पटी लिहिलेल्या असतात, त्यांना भुलू नका. भिंग किती मोठं आणि तिपाई किती पक्की, एवढं बघा. तिपाई डुगडुगली तर काहीच दिसत नाही. गच्चीवर किंवा शाळेच्या पटांगणात, चार-पाच जणींनी मिळून, घरी सांगून जा. पायात चप्पल-बूट असू द्या. बॅटरीला लाल कागद बांधा, म्हणजे डोळे दिपत नाहीत. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. क्षणात डोळा जातो. दिवसा दुर्बीण झाकून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

२०२७ च्या फेब्रुवारीत मंगळ आणि गुरू दोघेही पृथ्वीच्या जवळ असतील. दिवस मावळला की पूर्वेला उगवतील आणि रात्रभर दिसतील. त्या महिन्यात गटाची एक बैठक रात्रीची ठेवा. लग्नाच्या वयाच्या लेकींना सोबत आणा, आणि जमलं तर त्यांच्या आज्यांनाही.