गावच्या पाणी-प्लँटचा पडदा आणि माझी एक चूक



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खोडवा यांविषयी लिहितो. आज विषय घागरीतल्या पाण्याचा आहे. पाटाने वारेमाप पाणी देऊन आपण काही जमिनी खारवल्या, त्याबरोबर विहिरी आणि बोअरही मचूळ झाले. म्हणून गावोगाव आर.ओ.चे प्लँट बसले. बसवताना नारळ फुटतो, फोटो निघतो. पुढे मेंब्रेन, म्हणजे नळकांड्यात गुंडाळलेला पडदा, चोंदतो आणि प्लँटला कुलूप लागते.

2022 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. गटातल्या एका गावचा प्लँट चालवणारा मुलगा म्हणाला, "साहेब, पाणी निम्म्यावर आलंय. आत बुळबुळीत साचलंय." ठिबकच्या नळीत शेवाळ धरले की आपण ब्लीचिंग पावडरचे निवळ पाणी सोडतो. मी बिनधास्त तेच सांगितले. त्याने आठवड्यातून दोनदा ते पाणी पडद्यातून फिरवले आणि काय सांगू, पाणी वाढले! गाव खूश, मीही खूश. महिनाभरात बायाबापड्या म्हणू लागल्या, पाणी पुन्हा मचूळ लागतंय. मीटर लावला तर बोअरच्या आणि प्लँटच्या पाण्यात फारसा फरक उरला नव्हता. वाढलेले पाणी हेच पडदा गेल्याचे लक्षण होते. नव्या पडद्याचे पैसे गावाने भरले, बोलणी मी खाल्ली.

ठिबकची नळी क्लोरीन सोसते. आजचे बहुतेक पडदे पॉलिअमाइडचे असतात. त्यातला गाळणारा थर केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. क्लोरीन तो थर खातो आणि खाल्लेला थर परत येत नाही. प्लँटमध्ये आधी कोळशाचा फिल्टर असतो तो मुख्यतः क्लोरीन अडवायलाच. त्यातला कोळसा वेळेवर बदला.

मग धुवायचे कसे? आधी घाण ओळखा. गाळ आणि बुळबुळ पहिल्या नळकांड्यात जास्त, पांढरा क्षार शेवटच्या नळकांड्यात जास्त. बुळबुळीला कॉस्टिक सोडा, 100 लिटरला 100 ग्रॅम. क्षाराला सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूफूल, 100 लिटरला 2 किलो. दोन्ही असतील तर सहसा सोडा आधी, मग स्वच्छ पाणी, मग अॅसिड. द्रावण प्लँटच्याच गोड्या पाण्यात करायचे. बोअरच्या जड पाण्यात सोडा टाकला तर क्षार तिथेच फुटतो. हलक्या दाबाने अर्धा-पाऊण तास फिरवा, तासभर मुरू द्या, पुन्हा फिरवा, भरपूर पाण्याने धुवा. नंतरचे पहिले पाणी सोडून द्या, ते पिण्याचे नव्हे. सामू आणि पाण्याची ऊब यांची मर्यादा कंपनीच्या कागदावर असते, तो कागद भिंतीवर चिकटवा. हातमोजे आणि चष्मा हवाच. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी वायू निघतो, एवढे प्लँटवर कोणालाही सांगून ठेवा.

पाणी निम्म्यावर येईपर्यंत थांबू नका. दहा-पंधरा टक्के घटले की धुवा, उशीर केला तर साचलेले दगडासारखे घट्ट होते. त्यासाठी वही पाहिजे: रोजचे लिटर, मागचा-पुढचा दाब, टीडीएस. एक गंमत ध्यानात ठेवा. थंडीत पाणी आपोआप कमी येते, एका अंशाला साधारण तीन टक्के. डिसेंबरात उगाच अॅसिड ओतत बसू नका.

जत्रेला किंवा मोटार जळाली म्हणून प्लँट बंद राहिला, तर बंद करताना गोड्या पाण्याने पडदा धुऊन काढा. महिनाभर बंद राहणार असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटचे एक टक्का द्रावण भरून ठेवा. पडदा वाळला की संपला.

प्लँटचे टाकाऊ पाणी काही जण शेजारच्या उसात सोडतात. पाणी फुकट जाऊ नये हा हेतू चांगला, पण बोअरमधला सगळा क्षार त्या थोड्या पाण्यात आलेला असतो. मी अशा एका सरीतला खोडवा पाहिला आहे. शेंडे करपलेले, फुटवा नावाला. ज्यांच्या शिवारात असे पाणी जाते त्यांनी बाटलीभर पाणी आणि त्या जागेची माती गट ऑफिसात आणून द्यावी. टीडीएस मीटर टेबलाच्या खणात आहे, मी नसलो तरी शेतकी मदतनीस मोजून देतील.