बादलीतली कोळंबी जिवंत ठेवायची तर

जिताड्यासाठी खाडीत गळ टाकणाऱ्याला मेलेल्या कोळंबीपेक्षा उड्या मारणारी जिवंत कोळंबी केव्हाही हवी असते. विकत घेताना नीट पाहा. अंग काचेसारखं, मिशा शाबूत, पोटाखालचे पाय एकसारखे हलणारे. अंग दुधाळ पांढरं पडलं असेल, तर ती फार टिकणार नाही.

खरी अडचण प्राणवायूची. पाणी तापलं की त्यात तो कमी विरघळतो. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. शिवाय कोळंबी सोडते तो अमोनिया बादलीत साचत जातो. म्हणून गर्दी नको, बादली सावलीत हवी, पाणी त्याच खाडीचं आणि जोडीला बॅटरीवरचा हवेचा पंप. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तिला मारतं. बर्फही थेट टाकू नका, खारटपणा उतरतो. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली सोडा. पंप नसेल तर ओलं गोणपाट घ्या. कल्ले ओलसर राहिले की थंडाव्यात ती काही तास तग धरते.

उरलेली कोळंबी मात्र दुसऱ्या खाडीत कृपा करून सोडू नका. तिच्यासोबत पसरू शकणारा पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू माणसाला काही करत नाही, पण कोळंबीचं अख्खं तळं दहा दिवसांत संपवू शकतो.