जुन्या जीपचा विमा : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

धडगाव, मोलगी, अक्कलकुवा या बाजूच्या आठवडे बाजारांना जाणाऱ्या आमच्या कापड व्यापाऱ्यांना जुनी फोर बाय फोर जीप सोडवत नाही. घाटाचा चढ, पावसाळ्यातला चिखल, नाल्याचे पाणी, अशा ठिकाणी हीच गाडी कामाला येते. गाडी जुनी असल्याने ती स्वस्तात मिळते, गावातला मिस्त्री ती दुरुस्त करतो आणि सुटे भागही मिळतात. अडचण येते ती विम्याच्या वेळी. पंधरा-वीस वर्षांची जीप म्हटली की एखादी कंपनी नकारच देते, तर दुसरी मोठा आकडा सांगते. मग "सर्वात कमी पैशात काय ते करून टाका" असे आपण एजंटला सांगून मोकळे होतो. कमी पैशात कागद मिळतो हे खरे, पण त्या कागदात काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय तो स्वस्त पडला की महाग, हे कळत नाही. म्हणून या विषयाचा थोडा हिशेब येथे मांडत आहोत.

सक्तीचा विमा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, कोणी जखमी झाले किंवा कोणाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. मृत्यू व दुखापतीच्या भरपाईला रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा आहे. विम्याशिवाय गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. दंड भरता येतो. पण अपघातात माणूस दगावला आणि विमा नसेल, तर भरपाईसाठी दुकान आणि घर दोन्ही पणाला लागतात.

या विम्याचे दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. गाडीचे वय त्यात धरले जात नाही. खासगी मोटारीचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असे दर आहेत. जीएसटी वेगळा. म्हणजे ९७० सीसीची जुनी जिप्सी पहिल्या वर्गात, १,३०० सीसीची जिप्सी दुसऱ्या वर्गात आणि डिझेलची महिंद्रा जीप तिसऱ्या वर्गात येते. जुनी गाडी घेताना किमतीइतकेच याकडेही पाहावे, कारण हा फरक दरवर्षी सोसावा लागतो. दर सरकारी असल्याने एका कंपनीचा थर्ड पार्टी स्वस्त आणि दुसरीचा महाग असे नसते. तसे कोणी सांगत असेल तर आकड्यात आणखी काय मिळवले आहे किंवा काय वगळले आहे, ते विचारावे.

गठ्ठे आणि नमुने

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. खासगी मोटारीच्या पॉलिसीत "वापराच्या मर्यादा" असा एक परिच्छेद असतो. त्यात भाड्याने वाहतूक, शर्यत, वेगाची चाचणी यांना मनाई असते. त्याच ओळीत मालाची वाहतूकही असते. सूट मिळते ती फक्त व्यापारी नमुन्यांना आणि वैयक्तिक सामानाला. म्हणजे साड्यांचे नमुने दाखवायला पाच-दहा नग बॅगेत घेऊन गेलात तर हरकत नाही. मागच्या बाकावर लुंग्यांचे गठ्ठे आणि ड्रेस मटेरियलचे तागे भरून बाजाराला गेलात, तर ती मालाची वाहतूक झाली.

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची जीप घाटात उलटली. पॉलिसी चालू होती, हप्ता वेळेवर भरलेला होता. सर्व्हेअर आला तेव्हा गठ्ठे रस्त्याच्या कडेला पडले होते आणि तेच त्याच्या फोटोत आले. गाडीचा क्लेम नामंजूर झाला. दुसऱ्या कोणाला इजा झाली असती तर गोष्ट आणखी वाढली असती. अशा प्रकरणात न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगून ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देऊ शकते.

माल नेणे हेच गाडीचे काम असेल, तर मालवाहू म्हणून नोंदलेली जीप किंवा पिकअप घ्यावी. इथे पुष्कळ व्यापारी घाबरतात, कारण ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा २०२२ चा थर्ड पार्टी दर १६,०४९ रुपये आहे. पण हा दर दुसऱ्याचा माल नेणाऱ्या गाडीचा, म्हणजे पब्लिक कॅरिअरचा. फक्त मालकाचा स्वतःचा माल नेणाऱ्या गाडीसाठी प्रायव्हेट कॅरिअर असा वेगळा वर्ग त्याच दरपत्रकात आहे आणि त्याचा दर ८,५१० रुपये आहे. मोठ्या इंजिनाच्या खासगी जीपपेक्षा हा जेमतेम सहाशे रुपयांनी जास्त. या वर्गाबद्दल एजंट आपणहून बोलेलच असे नाही, म्हणून आपणच विचारावे. मात्र या वर्गात विमा घेऊन परतीच्या फेरीत दुसऱ्याचा माल भाड्याने आणू नये. नाहीतर वर सांगितलेला प्रकार पुन्हा होईल.

मालवाहू गाडीला वेगळा परवाना असलेला चालक लागतो, या भीतीचेही आता कारण नाही. ७,५०० किलोपर्यंतची गाडी एलएमव्ही परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. शेवटी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही. कापडाचा विमा वेगळा घ्यावा लागतो.

गाडीत बसलेली माणसे

नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी जीपमध्ये बसलेल्या नातेवाईक, मित्र किंवा सोबतच्या व्यापाऱ्याला संरक्षण मिळत नाही. ते पूर्ण म्हणजे पॅकेज पॉलिसीत मिळते. बाजाराच्या दिवशी ज्यांच्या जीपमध्ये चार-पाच माणसे बसतात, त्यांनी हा फरक विसरू नये. पगारी चालकाच्या जबाबदारीसाठी थोडी जास्त रक्कम भरावी लागते, ती वाचवण्यात अर्थ नाही. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा आहे. पण तेवढ्याच रकमेचा अपघात विमा आपल्याकडे आधीच असेल, तर तो पुन्हा घ्यावा लागत नाही. घरात दोन-तीन गाड्या असणाऱ्यांचे येथे पैसे वाचतात.

पूर्ण विमा घ्यावा की नाही?

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची विमा-किंमत, म्हणजे आय.डी.व्ही., ठरलेल्या घसाऱ्याप्रमाणे निघते. त्यापुढे ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. जुन्या जीपबाबत येथेच चूक होते. समजा जीपची बाजारातील किंमत दोन लाख आहे आणि दर शेकडा साडेतीन आहे. दोन लाखांवर हप्ता ७,००० रुपये होईल. एजंटने हप्ता कमी करण्यासाठी किंमत ६०,००० लिहिली तर तो २,१०० होईल. वाचले ४,९०० रुपये. पण गाडी चोरीला गेली तर हातात साठ हजारांच्या आतच रक्कम येणार. दुरुस्तीचा खर्च विमा-किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला, म्हणजे येथे ४५,००० च्या वर गेला, की कंपनी गाडी पूर्ण निकामी धरून हिशेब मिटवते. दोन लाखांची चांगली जीप साठ हजारांत गेली असे होते.

दुसरी बाजूही पाहावी. दहा वर्षांवरील गाडीच्या लोखंडी भागांच्या बिलातून ५० टक्के घसारा कापला जातो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवरही ५० टक्के. १,५०० सीसीवरील खासगी गाडीला प्रत्येक क्लेममध्ये वर २,००० रुपये मालकाचे. म्हणून पत्र्याच्या किरकोळ कामासाठी जुन्या जीपचा पूर्ण विमा घेण्यात फायदा नाही. ज्याला मोठी भीती चोरीची आणि आगीची आहे, त्याने थर्ड पार्टीला फक्त आग व चोरीचा विमा जोडून मिळतो का, ते विचारावे. सगळ्या शाखा तो देत नाहीत, पण मिळाला तर जुन्या गाडीला तो परवडतो.

कच्च्या रस्त्याबद्दल पुष्कळांच्या मनात शंका असते. पॉलिसीत डांबरी रस्त्याची अट नसते. पण झीज, यंत्रातला बिघाड, नुसता टायर फाटणे यांची भरपाई मिळत नाही. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बिघडवले, तर तेही नुकसान सहसा नाकारतात.

कागद सारखे असावेत

जुन्या जीपचे इंजिन बदललेले असणे ही नेहमीची गोष्ट. बदललेल्या इंजिनाचा नंबर आर.सी. बुकात चढलेला नसेल, तर क्लेमच्या वेळी तोच पहिला आक्षेप येतो. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत १५ वर्षे असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते राहिले असेल तर विमा असूनही क्लेम अडतो. जीप जुनी विकत घेतली असेल तर आर.सी. आणि पॉलिसी दोन्ही आपल्या नावावर करून घ्याव्यात. पॉलिसीसाठी १४ दिवसांची मुदत आहे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, कारण तो गाडीचा नसून माणसाचा असतो. आपला स्वतःचा बोनस ५० टक्क्यांपर्यंत वाढतो, पण मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही तर तो बुडतो.

पन्नास वर्षांवरील जीप "व्हिंटेज" म्हणून नोंदवली तर थर्ड पार्टी हप्ता निम्मा होतो, हे ऐकून काहींना मोह होतो. परंतु २०२१ च्या नियमांप्रमाणे अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शनाची गाडी आहे, बाजाराची नव्हे.

खासगी कंपन्यांनी जुन्या गाडीचा पूर्ण विमा नाकारला, तर सरकारी कंपनीच्या शाखेत गाडी घेऊन स्वतः जावे आणि तपासणीची मागणी करावी. पैसे चेकने दिले असतील तर तो वटला पाहिजे, कारण पैसे मिळाल्याशिवाय कंपनीवर जबाबदारी येत नाही. क्लेम अन्यायाने नाकारला असे वाटल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर मुंबई किंवा पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे इतकेच की नूतनीकरणाच्या दिवशी एजंटला "किती रुपये?" हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी गाडी काय काम करते, तिच्यात कोण बसते आणि काय भरले जाते, हे त्याला खरे सांगावे आणि तेच पॉलिसीत आले आहे का ते वाचून घ्यावे. पॉलिसी इंग्रजीत असेल तर मुलाकडून किंवा जाणकाराकडून वाचवून घ्यावी. कापडाचा तागा उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करत नाही, मग विम्याचा कागद घडी न उघडता कपाटात का ठेवावा?