विजेची मोटार : सोपी किती, सोयीची किती?

विजेवर चालणारी मोटार हा अगदी अलीकडचा शोध आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी या एकाच पिढीच्या आहेत. ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा मोटारीने प्रथम ओलांडली ती २९ एप्रिल १८९९ रोजी, पॅरिसजवळील आशेर येथे. आणि ती गाडी विजेची होती. कामीय जेनात्झी या बेल्जियन चालकाने तिला दिलेल्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘कधीही समाधान न पावणारी’ असा होतो. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारींत वाफेच्या गाड्या सर्वांत अधिक होत्या, त्यांच्या खालोखाल विजेच्या, आणि पेट्रोलच्या गाड्या तिसऱ्या क्रमांकावर होत्या. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतच विजेची गाडी रस्त्यावरून जवळजवळ नाहीशी झाली. रचनेच्या दृष्टीने जी अधिक सोपी तीच मागे का पडावी, हे समजून घेण्यासाठी दोन्ही गाड्यांच्या अंतरंगात डोकावले पाहिजे.

पेट्रोलच्या एंजिनात इंधन आणि हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये ओढून घ्यावयाचे, दट्ट्याने ते दाबावयाचे, ठिणगीने पेटवावयाचे आणि जळालेला वायू बाहेर लोटावयाचा, असा क्रम असतो. दट्ट्याच्या या चार धावांपैकी प्रत्यक्ष काम करणारी धाव एकच. उरलेल्या तीन धावा तिच्या उसनवारीवर चालतात. ही उसनवारी सांभाळण्यासाठी जड प्रचक्र लागते. दट्ट्याच्या खाली-वर होण्याचे फिरण्यात रूपांतर करण्यासाठी भुजादंड लागतो. झडपा ठरावीक क्षणी उघडाव्या व मिटाव्या लागतात आणि ठिणगीही नेमक्या वेळी पडावी लागते. धातू अति तापू नये म्हणून पाणी, झिजू नये म्हणून तेल, आणि या दोहोंना फिरविण्यासाठी पंप, अशी यंत्रांची बिऱ्हाडे एकात एक मांडलेली असतात.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. हे एंजिन थांबलेल्या अवस्थेतून आपले आपण सुरू होऊ शकत नाही. कोणीतरी त्याला प्रथम फिरवावे लागते. सुरू झाल्यावरही मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली ते नीट चालत नाही. गाडी उभी असली तरी एंजिनाला फिरत राहावे लागते. म्हणून चाकांचा आणि त्याचा संबंध तोडण्यासाठी क्लच आवश्यक ठरतो. शिवाय त्याचा जोर फेऱ्यांच्या ठरावीक टप्प्यातच चांगला मिळतो. म्हणून चढावर एक, सपाटीवर दुसरे, अशी दंतचक्रे बदलणारी गिअरपेटी आली. उलट जावयाचे झाल्यास त्यासाठी आणखी एक दंतचक्र. गाडी चालविण्यास शिकताना नवशिक्याला जो त्रास होतो, त्याचा बराचसा भाग एंजिनाच्या या स्वभावदोषाची भरपाई करण्याचा असतो.

विजेच्या गाडीत यांपैकी बहुतेक काही नाही. (विजेने फिरणाऱ्या यंत्रालाही व्यवहारात ‘मोटर’च म्हणतात, घोटाळा टाळण्यासाठी येथे त्याला चलित्र म्हटले आहे.) चलित्राच्या स्थिर भागावर तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून तीन प्रवाह एकामागोमाग एक सोडले, की आत एक चुंबकीय क्षेत्र गरगर फिरू लागते आणि मधला घूर्णक त्याच्यामागे ओढला जातो. दोन बेअरिंगांवर टेकलेला हा घूर्णक हाच चलित्रातील एकमेव फिरता भाग होय. त्याचा जोर पहिल्या क्षणापासून, गाडी जागची हलण्यापूर्वीही, पूर्ण असतो. म्हणून क्लच नको आणि बहुतेक गाड्यांत गती कमी करणारी दंतचक्रांची एकच ठरावीक जोडणी पुरते. प्रवाहांचा क्रम बदलला की गाडी मागे जाते. एवढेच नव्हे, तर गाडी थांबविताना हेच चलित्र जनित्र बनते आणि गाडीच्या वेगातील काही ऊर्जा घटमालेत परत घालते. पेट्रोलच्या गाडीत ब्रेक लावला म्हणजे ती ऊर्जा केवळ उष्णता होऊन उडून जाते. तिचे पुन्हा पेट्रोल होत नाही.

तथापि विजेच्या गाडीत अवघड असे काहीच नाही, असे मात्र नव्हे. घटमाला एकाच दिशेचा प्रवाह देते, चलित्राला उलटसुलट होणारा प्रवाह हवा असतो. हे रूपांतर अर्धसंवाहकांची बटणे सेकंदाला हजारो वेळा उघडून व मिटून घडवून आणतात. घटमालेत सुमारे पावणेचार व्होल्टांचा एक असे लिथियम-आयन घट शंभराच्या आसपास ओळीने जोडलेले असतात, आणि त्यांतील एकही प्रमाणाबाहेर भरून, रिकामा होऊन वा तापून चालत नाही. त्यांवर अखंड पहारा ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा असते. यातील काही बिघडले तर पाना-पकड हाती घेऊन रस्त्याच्या कडेला बसणारा कारागीर फारसे काही करू शकत नाही. बंद पेटी तशीच बदलावी लागते. पण हा दोष एकट्या विजेच्या गाडीचा नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांची पेट्रोलची गाडीही संवेदक व संगणक यांनी भरलेली असते आणि जुन्या कार्ब्युरेटरशी सलगी असलेला कारागीर तिच्यापुढेही थबकतो.

इतिहासाची गंमत अशी, की पेट्रोलच्या गाडीला सोयीची केले ते विजेनेच. प्रारंभी तिचे एंजिन हॅंडल मारून फिरवावे लागे आणि ते उलटून मनगट मोडण्याचे प्रकार घडत. याच कारणाने शहरांतील डॉक्टर आणि स्त्रिया विजेची गाडी पसंत करीत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी लहानशी घटमाला आणि लहानसे चलित्र बसवून एंजिन बटणाने सुरू करण्याची सोय केली. प्रतिस्पर्ध्याचाच गुण उसना घेऊन पेट्रोलच्या गाडीने आपले व्यंग झाकले. तोपर्यंत फोर्डची स्वस्त गाडी बाजारात आली होती, पेट्रोल विपुल झाले होते, आणि शहराबाहेर तर वीजच पोचली नव्हती.

मूळ प्रश्न यंत्राचा नसून साठ्याचा आहे. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे घरच्या विजेच्या बिलात येते तेच. एक किलो वजनाच्या शिसे-आम्ल घटात युनिटाचा पंचविसावा-तिसावा भाग मावतो. लिथियम-आयन घटमालेत, पेटीचे वजन धरून, एका किलोत सुमारे सातवा भाग. पेट्रोलचे एंजिन आपल्या इंधनातील तीन-चतुर्थांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उधळते आणि चलित्र शेकडा दहा-पंधराच गमावते, हे जमेस धरूनही पेट्रोल वजनास वीसपट सरस ठरते. (औष्णिक वीजकेंद्रातही कोळशातील निम्म्याहून अधिक ऊर्जा वाया जातेच, पण तो हिशेब गाडीच्या बाहेरचा.) ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी सुरू झाली, तिला ही अडचण भासली नाही, कारण ती आपली वीज डोक्यावरील तारेतून घेते, पाठीवर वाहत नाही. मोटारीला ती वाहावी लागते. २००१ साली बंगळूर येथे विक्रीस आलेली ‘रेवा’ ही छोटी गाडी शिशाच्या घटांवर एका भरणीत सुमारे ८० किलोमीटर जाई. २०२० साली आलेल्या टाटांच्या ‘नेक्सॉन’च्या घटमालेत ३०.२ युनिट मावत आणि चाचणीत तिची मजल ३१२ किलोमीटर भरली. प्रत्यक्ष रस्त्यावर ती याहून कमी पडते.

दुसरी अडचण भरण्याच्या वेळेची. पंपावर मिनिटाला ३५ लिटर पेट्रोल टाकीत पडते तेव्हा त्या नळीतून सुमारे १९,००० किलोवॉट या दराने ऊर्जा वाहत असते. घरातील १५ ॲंपिअरच्या सॉकेटातून फार तर साडेतीन किलोवॉट मिळतात. म्हणजे ३० युनिटांची घटमाला भरण्यास रात्र जाते. महामार्गांवरील शक्तिशाली भरणकेंद्रे हा वेळ तासाभरावर वा त्याहूनही खाली आणतात, पण तेथे गाड्यांची रांग लागली तर तासाचे दोन तास होतात.

आता व्यवहार पाहावा. घर ते कचेरी आणि परत असा दिवसाकाठी ३०-४० किलोमीटरांचा प्रवास करणाऱ्याला पाच-सहा युनिट पुरतात. त्याच्या गाडीला स्वतःची भिंत आणि भिंतीत सॉकेट असेल तर दोन तासांत काम होते आणि पंपावर जाण्याचे कारणच उरत नाही. तीच गाडी चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि रात्री रस्त्याच्या कडेला गाडी उभी करणाऱ्या माणसाला निरुपयोगी वाटेल. गाडीत फरक काहीच नाही. फरक भिंतीचा आहे.

भाड्याने वाहन चालविणाऱ्याची स्थिती अधिक नाजूक. दिल्लीपासून पूर्वेकडील लहानमोठ्या गावांपर्यंत पसरलेली ई-रिक्षा ही या सर्व वाहनांत सर्वांत सोपी. तिला क्लच नाही, गिअर नाही, मागे एक चलित्र आणि बैठकीखाली बहुधा शिशाचे घट. रोज पूर्ण उपसले जाणारे हे घट वर्षभराच्या आसपास निकामी होऊ लागतात. एका भरणीवर पूर्वी जेवढ्या फेऱ्या होत तेवढ्या होईनाशा होतात आणि संध्याकाळी, नेमक्या गिऱ्हाइकाच्या वेळी, चालकाला भरणीसाठी घरी परतावे लागते. त्याच्या खर्चात विजेचा वाटा थोडा, नव्या घटमालेचा मोठा. लिथियमचे घट अधिक वर्षे टिकतात, पण त्यांची किंमत एकदम मोजणे त्याला कठीण जाते. रिकामी घटमाला देऊन भरलेली घ्यावी आणि तिच्या वापराचेच पैसे मोजावेत, ही तोड त्यावर काही शहरांत आता निघाली आहे. अमेरिकेतील हार्टफर्डच्या वीज कंपनीने विजेच्या मालमोटारींसाठी हीच व्यवस्था विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चालविली होती. तेथे अवजड घट यंत्राने उचलावे लागत. रिक्षाचा लिथियमचा घट चालक स्वतः हाताने काढतो आणि दोन-चार मिनिटांत पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळतो.